रेमेतबायच्या मानाच्या केकाची हकीकत

आकाशातील बाप, त्याचा पुत्र आणि पवित्र आत्मा यांस पहिले वंदन. शाळेचे दरवाजाशी हात जोडून उभी असलेली मारियामाय, जिचे नाकाचा टवका पोरांचे चेंडूने उडाला आणि तरी जी कोणावर रागावली नाही, तीस दुसरे वंदन. वाचणार धनी, तुम्हांस तिसरे. धन्यांनी पुसले की, आपले संस्थानी दरसालचे फेटीत, म्हणजे शाळेचे जत्रेत, मानाचा केक म्हणोन जो लिलावास निघे त्याचे पुढे काय जाहले, आणि सुरी मागविल्याची ती धामधूम कैशी घडली, ते साद्यंत लिहून पाठवावे. त्यावरून सेवकाने डोळां देखिले ते, आणि मागाहून ज्याचे त्याचे तोंडून ऐकिले ते, पदरचे तिखटमीठ बेताने घालून लिहिले आहे. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सर, पौष मास, ख्रिस्ती सन दोन हजार अठरा, तीन राजांचे सणाचा रविवार, ते दिवशीचे हे वर्तमान.

संस्थान समुद्रापासून जवळ, भोवती केळीच्या बागा, मध्ये कौलारू शाळा, शेजारी चर्च. गादीवर सिस्टर प्रमिला म्हणोन नव्या मुख्याध्यापिका त्याच शाळेचे साली जून महिन्यात आल्या होत्या. त्या मूळच्या नगरकडच्या, बाजरीचे मुलखातल्या, अंगाने काटकुळ्या परंतु आवाज ऐसा की तिसरे मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावरून चूप करीत. आल्या आल्या त्यांनी सभागृहात उभे राहोन वर पाहिले तो पत्र्यांतून आभाळ दिसले आणि त्या आभाळातून एक कावळा खाली पाहात होता. मग हुकूम जाहला की यंदाचे फेटीचे उत्पन्न सगळे छपराकडे लावावे, आणि कोणी घरी बसो नये. हुकूम होताच संस्थान उठले. दहावीचे परगण्याने रिंगा फेकण्याचा मोर्चा घेतला, नववीने हाउजीचा, पाचवीचे पोरांनी चिंचेचे गोळ्यांचे दुकान मांडून अर्धा माल पहिल्या प्रहरीच स्वतः खाऊन टाकिला. आयांचे पथकाने आंबविल्या पिठाचे फुगे तळावयास मोठाल्या कढया चढविल्या, आणि इंदियालाचे तिखट रश्श्याचा वास ऐसा सुटला की चर्चमध्ये फादरांचे प्रवचन त्या सकाळी आपसूक आटोपते जाहले. मग रस्सीखेच जाहली. शिक्षक एकीकडे, पालक दुसरीकडे, आणि रस्सी मधेच तुटोन दोन्ही फौजा उताण्या पडल्या, आणि दोन्ही फौजांनी आपली फत्ते जाहली म्हणोन आरोळ्या दिल्या, आणि दोघांसही पेले द्यावे लागले. सेवकाने अनेक फेटी पाहिल्या, परंतु ऐसा उत्साह पाहिला नाही. सिस्टर तो पहाटेपासून पायांवर उभ्या. इकडे तंबू बघ, तिकडे हरवलेले पोर शोध, भोंग्यावरून नावे पुकार, ऐसे करिता करिता दिवस कलला आणि त्यांचे पोटी चहाचे दोन घोटांखेरीज काही गेले नाही. हे ध्यानी ठेवावे, पुढे कामास येईल.

आता केकाची पूर्वपीठिका. संस्थानात रेमेतबाय तुस्कानो म्हणोन एक नामांकित बाई. तिचे केकाची कीर्ती चहूं आळ्यांत. तिने पुष्कळ वर्षांमागे पहिल्यांदा फेटीस केक दिला, तो लिलावात दुमिंग पाटलांनी घेतला. पाटील वरचे आळीचे मातबर गृहस्थ. त्यांनी घेतला आणि थोरपण दाखवावे म्हणोन तेथेच परत शाळेस देऊन टाकिला, की पुन्हा बोली लावा. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग दुसरे गृहस्थाने घेतला, त्यानेही परत दिला, कारण पाटलांनी दिला आणि आपण घरी नेला तर लोक काय म्हणतील. त्या दिवसापासोन तोच रिवाज पडला. जो जिंकेल त्याने केक डोईवर घेऊन मैदानास एक फेरी मारावी, गाब्रू बँडमास्तराने सारा बँड लावून कान फुटतील ऐसे वाजवावे, आणि फेरी पुरी होताच केक परत द्यावा. अखेरीस केक सिस्टरांचे कॉन्व्हेंटात काचेचे कपाटात शोभेस जाई. तेथे महिना-दीड महिना सर्वांनी पाहावा, तों उपवासकाळ लागे, मग गोडधोड कोण खातो. ईस्टर उजाडेपर्यंत मुंग्यांनी आपला हिस्सा नेलेला असे, आणि उरलेले कोंबड्यांस जाई. रेमेतबायने हे एक साल पाहिले, दोन साल पाहिले, कैक साले पाहिले. ती दिवाळीपासून बेदाणे भिजवी, अंडी फेटता फेटता हात भरून येत, टोपास खाली निखारे वर निखारे देऊन दुपारभर राखण करी. कोणी भेटले की म्हणे, "काय बाय, तुझा केक!" आणि कोणीही हे म्हणेना की गोड जाहला होता, की कोरडा जाहला होता, की बेदाणे कमी होते. मग एके साली तिचे मन विटले. तिने केक भाजिलाच नाही. तोच टोप फळीवर उपडा घातला, आत वजनास पाट्याचा वरवंटा ठेविला, वरून साखरेचा पांढरा गिलावा केला, चंदेरी मणी लाविले, गुलाबाची फुले काढिली, आणि पाठविला. लोक म्हणाले, काय बाय, यंदाचा केक तर सगळ्यांवर कडी. त्या साली रेमेतबाय घरी येऊन हसली आणि मग रडली. तेव्हापासोन दरसाल टोपच जात होता. दर उन्हाळ्यात कॉन्व्हेंटातून ती फळीसकट "जुना केक" म्हणोन परत आणवी आणि गिलावा धुऊन ठेवी. हे गुपित तिला आणि तिचे दादल्यास, पास्कूस, इतक्याच दोघांस ठाऊक, ऐसे तिचे समजणे होते.

येणेप्रमाणे त्या रविवारी उन्हे उतरता केक मांडवात आणिला. हातभर उंच, पांढराशुभ्र, वर तीन राजे साखरेचे आणि एक उंट, ज्याची मान प्रवासात मोडली होती. जोकीम मास्तर म्हणोन कवायतीचे सरदार, ते लिलाव पुकारीत. त्यांनी हात वर केला आणि मैदान चूप जाहले. दुमिंग पाटलांनी रिवाजाप्रमाणे पहिली बोली दिली. त्यावर खालचे आळीतून दुसरी उठली. मग वरून, मग खालून, मग परदेशी असलेल्या कोणा लेकाने फोनवरून, आणि आकडा चढत चालला, पोरे टेबलांवर चढली, कढईतले फुगे करपले तरी आयांस भान राहिले नाही. इतक्यात सिस्टर प्रमिला गर्दी सारून पुढे आल्या आणि त्यांनी बोली दिली. सर्वांस नवल वाटले, कारण जोगिणीजवळ पैका कोठला. परंतु त्याचे ऐसे होते की, त्या साली सिस्टरांचे व्रतास पंचवीस वर्षे भरली होती आणि नगरकडून त्यांचे भावांनी पाकीट पाठविले होते, वर लिहिले होते की ताई, हे दान करू नकोस, याचे काहीतरी गोड खा. वडील सिस्टरांनी हसोन परवानगी दिली होती. आणि पाकीट जूनपासून तसेच होते, कारण खावयास सवड नव्हती. आता दिवसभराची भूक, समोर हातभर उंच केक, पैका छपरास जाणार आणि गोडही पोटात पडणार, ऐसा दुहेरी योग पाहोन त्यांची मर्जी बसली.

पाटलांनी सिस्टरांस पाहताच हात जोडून माघार घेतली. खालची आळीही बसली. सिस्टरांवर आवाज कोण चढविणार. इकडे रेमेतबायने हिशेब केला. पाटील घेतील तर परत देतील, हे तिला ठाऊक. परंतु ही बाजरीच्या मुलखातली बाई, हिला रिवाज कोणी सांगितला आहे? तिने पास्कूचे बरगडीत कोपर मारिले. पास्कू म्हणजे मवाळ माणूस, मासे घेतानाही भाव न करणारा, त्याने डोळे मिटून बोली दिली. लोक हसू लागले की हा पाहा, घरचा केक लिलावात घेतो. सिस्टरांनी वाढविली. पास्कूने वाढविली. सिस्टरांनी आणखी वाढविली. पास्कूने खिसे चाचपले आणि घाम पुसोन म्हणाला की, दुभती म्हैस देतो. सगळे मैदान खदखदा हसले. जोकीम मास्तर गंभीरपणे वदले की म्हैस मांडवात येत नाही, सबब बोली धरता येत नाही. मग सिस्टरांनी पाकीट उघडले नाही, तसेच टेबलावर ठेविले आणि सांगितले की यात जे आहे ते सगळे. जोकीम मास्तरांनी एक वार म्हटले, दोन वार म्हटले, आणि तिसऱ्या वारास हातोडा ऐसा हाणिला की केकावरचे उंटाची उरलेली मानही पडली. गाब्रूने कर्णा तोंडास लाविला, ढोलवाल्याने टिपऱ्या उचलिल्या, सगळे वाट पाहू लागले की सिस्टर केक डोईवर घेणार. तो सिस्टरांनी बाह्या सारल्या आणि म्हटले, "सुरी आणा."

कर्णा तोंडाशीच राहिला.  सुरी कोणी आणीना. सिस्टरांनी पुन्हा मागितली, ताटल्याही मागितल्या, आणि म्हणाल्या की सगळ्यांना पुरेल, रांग लावा. तेव्हा दुमिंग पाटील पुढे जाहले आणि अदबीने बोलिले, "सिस्टर, आमच्यात हा केक परत देतात. कापत नाहीत."

सिस्टरांनी त्यांजकडे पाहिले, केकाकडे पाहिले, आणि साध्या आवाजात पुसले, "मग खातं कोण?"

 पाटलांनी जोकीम मास्तरांकडे पाहिले, जोकीम मास्तरांनी फादरांकडे, फादरांनी आकाशाकडे. इतक्या वर्षांत हा प्रश्न संस्थानात कोणी केला नव्हता. रेमेतबाय मांडवाचे खांबास धरून उभी होती. तिला पळावयास वाट होती, मागे बागच होती. पास्कूने तिचा पदर ओढून खुणाविले की चल. परंतु ती चालली ती पुढे. तिने मागाहून सेवकास सांगितले की, तो प्रश्न कानी पडताच तिची भीती गेली आणि तिला त्या बाईचा एकदम लळा लागला, कारण जन्मभर हेच कोणी विचारावे ऐसे तिला वाटत होते, आणि विचारणारी आली ती नेमकी टोपाचे साली. तिने फुगेवालीचे हातची सुरी घेतली, केकापाशी उभी राहिली, आणि गिलाव्यावर आडवी सुरी हाणिली. टण्ण ऐसा आवाज जाहला.

"टोप आहे, सिस्टर," ती म्हणाली. "आत वरवंटा आहे. खरा करत होते, खूप वर्षं खरा करत होते. कोंबड्यांनी खाल्ला. माणसानं एकानं खाल्ला नाही. म्हणून सोडलं. तुमचं पाकीट परत घ्या, माझी चूक झाली."

इतके बोलोन तिने मान खाली घातली आणि आता लोक काय बोलतात याची वाट पाहिली.  कोणी चपला पाहात होते, कोणी उंटाचे तुकडे. अखेरीस पाटलांनी घसा साफ केला.

"आम्हाला ठाऊक आहे, बाय," पाटील म्हणाले. "मी किती वेळा डोक्यावर घेतला. वळणावर आत गडगडतो."

"म्हणून तर आम्ही एवढं जोरात वाजवतो," गाब्रू बँडमास्तर मागून म्हणाला.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. ज्याने ज्याने केक जिंकिला होता त्याने त्याने तो गडगडाट डोईवर ऐकिला होता, घरी जाऊन बायकोस सांगितला होता, बायकोने शेजारणीस, आणि शेजारणीने शपथ घालून सगळे आळीस. येणेप्रमाणे चहूं आळ्यांस ठाऊक, कॉन्व्हेंटात ठाऊक, फादरांस ठाऊक, पाचवीचे पोरांस ठाऊक. एक सिस्टर प्रमिला नव्या, आणि दुसरा सेवक, ज्याची ऐपत बोलीपर्यंत कधी गेली नाही आणि ज्यास बायको नाही. सगळ्यांनी मिळोन ते गुपित रेमेतबायपासून जपिले होते, की तिला ठाऊक नसावे की आम्हांस ठाऊक आहे. सेवकाचे मते संस्थानात इतकी एकी रस्सीखेचीतही कधी दिसली नाही.

आता कोणासही वाटेल की रेमेतबायस हायसे वाटले. तैसे जाहले नाही. तिचे डोळे लाल जाहले आणि तिने ती सुरी पाटलांकडे रोखिली. ती म्हणाली, "माझा मान राखलात, चांगलं केलंत. पण खरा केक होता तेव्हा एकालाही खावासा वाटला नाही?"

पाटील मोठे गृहस्थ, पंचायतीत दहा माणसांस गप्प करणारे, ते पोरासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "वाटायचं गं. लई वाटायचं. एकदा फेरी मारताना वास आला, तर मला माझी म्हातारी आवय आठवली. पण पहिल्यांदा परत दिला मीच, मग दुसऱ्या वर्षी कसा कापणार? लोक म्हणतील, पाटील हावरट झाला."

"तेच आमचं," खालचे आळीतून कोणी म्हणाले, आणि पुष्कळ माना हालल्या. तेव्हा कळोन आले की मैदानावरचा प्रत्येक माणूस इतकी वर्षे त्या केकाकडे पाहोन लाळ गिळीत होता, आणि प्रत्येकास दुसऱ्याची लाज होती. सिस्टर प्रमिला हे सगळे ऐकत होत्या. त्या प्रथम हसल्या, मग हसणे आवरले, मग रेमेतबायचे हातची सुरी काढून घेतली, कारण ती अजून पाटलांचे छातीशी होती. त्या म्हणाल्या, "पाकीट छपराला गेलं, ते परत घेणार नाही. पण माझे भाऊ विचारतील, ताई काय खाल्लंस. त्यांना काय टोप सांगू? मला केक पाहिजे. पुढच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर." रेमेतबाय म्हणाली की बेदाणे भिजलेले नाहीत, हात पूर्वीचा राहिला नाही, कैक वर्षांत टोपात केक घातला नाही, बिघडेल. सिस्टर म्हणाल्या, "बिघडला तर बिघडला सांगेन." आणि रेमेतबायस हे बोलणे फार आवडले.

मग तो आठवडा संस्थानात जैसा गेला तैसा परीक्षेचा आठवडाही जात नाही. रेमेतबायने टोपाचा गिलावा उकळत्या पाण्याने काढिला, वरवंटा पाट्यावर परत ठेविला. पाटलांकडून अंडी आली, खालचे आळीकडून काजू, गाब्रूकडून, न पुसता आणि फादरांस न कळता, बेदाण्यांस घालावयास रमची बाटली, आणि ती फादरांनीच पाठविली होती ऐसे मागाहून निघाले. पास्कूने निखारे राखिले. रविवारी मिस्सा सुटताच एकही माणूस घरी गेला नाही. रेमेतबाय मैदानात आली, टोप तिचे हाती, कपडा घातलेला. उपडा केला तो केक निघाला, तपकिरी, एका अंगाने बसका, बुडाशी किंचित लागलेला, गिलावा नाही, राजे नाहीत, उंट नाही. ती कापू लागली. पहिला तुकडा सिस्टरांस दिला. सिस्टरांनी खाल्ला. सगळे संस्थान त्यांचे तोंडाकडे पाहात होते. सिस्टरांनी सावकाश चावला, गिळला, बोटे पुसली आणि सांगितले, "बुडाशी लागलाय. बेदाणे थोडे जास्त झालेत." ऐसे म्हणोन ताटली पुन्हा पुढे केली.

तेव्हा रेमेतबाय रडली. जोरात रडली, लपविले नाही, आणि रडता रडताच रांग मोडणाऱ्यांस दटावीत कापीत राहिली. पाटलांनी लागलेला भाग मागून घेतला आणि मारियामायजवळ एकटे उभे राहोन खाल्ला. पोरांनी कागदास चिकटलेले चाटले. कोंबड्यांस त्या दिवशी काही मिळाले नाही.

सारांश. छपराचे पत्रे पावसाआधी बसले, कावळा उठोन फादरांचे बंगल्यावर गेला. रिवाज एकदम मोडू नये म्हणोन फेटीत मानाचा लिलाव अद्याप होतो, परंतु आधी केक सर्वांनी खावा, मग रिकामा टोप आत वरवंटा घालून लिलावास मांडावा, ऐसे ठरले. जो जिंकतो तो टोप डोईवर घेऊन मैदानास फेरी मारतो, रेमेतबाय पुढे चालते, आणि गाब्रूस सक्त ताकीद आहे की त्या वेळी बँड वाजवू नये, म्हणजे वळणावर वरवंटा गडगडतो तो सर्वांस ऐकू येतो. इतके लिहून सेवक ताटली घेऊन रांगेत जातो.